पारव्वाची खुर्ची

पारव्वाच्या तव्यावरची भाकरी करपली, की गल्लीला कळायचं, कुठंतरी हलगी वाजतेय. आवाज आमच्या कानावर यायच्या आधी तिच्या पायांवर यायचा. हातचं पीठ परातीत तसंच टाकून, पदर खोचून ही बाई रस्त्यावर. वरात कुणाची, नवरदेव काळा का गोरा, तिला घेणंदेणं नसायचं. सरळ वाजंत्र्यांच्या पुढं व्हायची आणि गुडघ्यात वाकून, टाचा आपटत नाचायची. आम्ही शिवाजी पेठेत भिंतीला भिंत लावून राहत होतो. मी वाजंत्र्यांच्या ताफ्यात हलगीला घुमकं वाजवून जोड द्यायचो, अजून देतो. शाळा मी चौथीत सोडली, पण ठेका मला कळतो. ती ठेका चुकलेली मी बघितली नाही.

दिसायला म्हणाल तर उभी वाळकी मिरची. कामही तेच, दिवसभर कांडपात मिरच्या कुटायची. माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, म्हणून तोंडात मधनंच कानडी यायचं. तिचा नवरा गेला, त्याच्या मातीचा चिखल अजून पायावर वाळला नव्हता, तोवर गल्लीत वरात आली. पारव्वा दारात उभी होती. तिची टाच उंबऱ्यावर पडायला लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यात माझी बायको पुढं होती. लाज कशी वाटत नाही, असं ती मोठ्यानं म्हणाली. पारव्वानं मान वळवली.

"वयनी, नवरा गेला माझा. पाय न्हाईत गेलं."

त्यानंतर बायकोनं तिचं नाव टाकलं. मग आमचा थोरला बिद्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. बायको भिंतीला पाठ लावून बसली ती उठेना. केस विंचरेना, जेवेना. डॉक्टरच्या गोळीनं झोपायची, उठली की परत भिंत. ज्या बायकांबरोबर तिनं पारव्वाला शिव्या घातल्या, त्या येऊन हळहळून चहा पिऊन जायच्या. गौरीच्या दिवशी दुपारी पारव्वा न विचारता घरात शिरली आणि बायकोचं मनगट धरून ओढायला लागली. मी ओरडलो, सोड तिला.

"तात्या, तुमी गप बसा. रडाय बसावं लागतंय. उभ्या माणसाला रडं कमी येतंय."

तिनं बायकोला फरफटत झिम्म्याच्या रिंगणात नेलं. बायको ओंडक्यासारखी उभी. पारव्वानंच तिचे हात धरून टाळ्या वाजवल्या. बायको रडत होती आणि खेळत होती. पोरगं जाऊन वरीस झालं नाही अन् ही नाचतेय, म्हणून गल्लीनं तिलाही शिव्या दिल्या. त्या संध्याकाळी बायकोनं स्वतः भाकरी मागून घेतली. पुढं रोज दुपारी परसात दोघी म्हाताऱ्या फुगडी घालायच्या. बायकोचे सांधे कुरकुरायचे थांबले असं मी म्हणणार नाही. तिचं कुरकुरणं थांबलं. सत्तरी उलटली तरी पारव्वा कॉलेजच्या पोरींना फुगडीत घुमवायची. त्या चक्कर येऊन भिंत धरायच्या, आणि ही म्हणायची, "यव्वा, शेवग्याच्या शेंगा नुसत्या!"

तिचा मुलगा सिद्राम वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. मी म्हणतो. हार्डवेअरच्या दुकानात त्याचा जम बसला, त्यानं स्लॅब टाकला, फरशी बसवली. एकदा त्याच्या गिऱ्हाइकांसमोर आई वरातीत नाचताना सापडली. तो तिला दंडाला धरून घरी घेऊन आला. लोक म्हणतात सिद्राम आईला नाचवून खातो, एवढंच त्याला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं गादीची मोठी खुर्ची आणून सोप्यात ठेवली.

"अव्वा, आता तू कायबी करायचं न्हाईस. नुसतं बसून खायचं."

आमच्याकडं पोरानं आईला बसून खायला घातलं, की त्याचं नाव होतं. सगळी गल्ली म्हणाली, पोरगा असावा तर असा. आणि त्या नावाखाली तिचा जीव घेतला. कांडप सुटलं, परस सुटलं. सून पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायची. माझी बायको फुगडीला बोलवायला गेली, तर सिद्रामनं तिला दारातनंच परत पाठवलं. पारव्वाचे गुडघे आखडले. मग ती नावं विसरायला लागली. आधी माझं विसरली, मग सुनेचं. सिद्राम म्हणायचा, वय झालं.

नातवाच्या लग्नात तिला जरीचं लुगडं नेसवून वरातीच्या मागच्या गाडीत बसवलं. पुढं आमचा ताफा. हलगी कडाडली आणि मी मागं बघितलं, तर म्हातारी काचेवर दोन्ही हात आपटत होती. दार बाहेरनं कुणी उघडल्याशिवाय उघडत नव्हतं. मी उघडायला निघालो, तर सिद्राम आडवा आला.

"तात्या, तुमी घुमकं वाजवा. त्येच्यासाठीच बोलावलंय तुमास्नी."

मी घुमकं तिथंच रस्त्यावर ठेवलं आणि घरी आलो. त्यांचं जेवण जेवलो नाही.

त्यानंतर गल्लीत हलगी वाजली तरी तिची मान वळत नव्हती. माझ्या हिशेबानं ती तेव्हाच मेली. बाकीचं सगळं खुर्चीत उरकलं. त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून मातीला नेतात. मी रीतीला नाव ठेवत नाही. पण सिद्रामनं मोठं नाव करायचं म्हणून प्रेतापुढं हलगी लावली. हलगी वाजत होती, आणि पारव्वा फुलांत बसून होती.

आता सिद्रामला साखर झालीय. पोट सुटलंय, रात्री झोप नाही, दुकानात कुणावरही खेकसतो. डॉक्टरनं त्याला रोज नाचायला सांगितलंय. सकाळी मोबाईलवर गाणं लावून तो सोप्यात पाय हलवतो. बैल बांधल्या जागी पाय बदलतो, तसे. परवा मी दारातनं बघत होतो. जरा वेळात त्याला धाप लागली, मागं हात करून तो आईची खुर्ची चाचपायला लागला.

"तात्या, तेवढी खुर्ची सरकवा की हिकडं."

मी आत गेलो आणि खुर्ची पायानं भिंतीकडं लोटली. मग बाहेरनं ताफ्यातल्या पोरांकडची हलगी मागवून घेतली आणि ठेका धरला.