लटारू हवालदाराचा जोडीदार

लटारू पचारे फौजेतून रिटायर झाला त्याला बरीच वर्षं लोटली, पण गाव त्याला अजून हवालदारच म्हणतं. ज्या दिवशी कोणी म्हणत नाही त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नाही. मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावरच्या ढिवरांच्या वस्तीत त्याचं घर. बाप मासे मारायचा, आजा मासे मारायचा, आणि लटारूही आता रोज सकाळी जाळंच टाकतो. फरक एवढाच, की तो नदीवर बूट घालून जातो आणि डोंग्यात चढण्याआधी ते काढून, टाचेला टाच लावून, काठावर ठेवतो.

फौजेनं त्याला पगार दिला, पेन्शन दिली, पण लटारूला विचाराल तर तिनं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणबुडी क्लब. तो इंजिनिअर पलटणीत होता. सुट्टीच्या दिवशी हौशी जवान आणि साहेब धरणावर जायचे, पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायचे, तळाला काय आहे ते बघायचे आणि वर येऊन चहा प्यायचे. लढाईचा काही संबंध नाही, निव्वळ खेळ. पहिल्या रजेवर आल्यावर त्यानं हे आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मासा आणायचा नसेल तर माणूस तळाशी जातो कशाला, हे त्या माउलीला शेवटपर्यंत उमगलं नाही.

अशा फौजी क्लबांचा दर हिवाळ्यात पुण्याला मेळावा भरतो आणि बक्षिसं वाटली जातात. उत्तम क्लबाला एक, उत्तम शिकवणाऱ्याला एक, होतकरू नवख्याला एक. रिटायर झालेल्यांनाही भाग घेता येतो. पण सगळ्यात मानाचं बक्षीस उत्तम जोडीचं, कारण या खेळात एकट्यानं बुडी मारायचीच नसते. जोडीदार नसेल तर माणूस पाताळापर्यंत जाऊन आला तरी क्लब ती बुडी धरत नाही.

या जोडीच्या बक्षिसावर डोळा ठेवून लटारूनं उभी नोकरी काढली. मिळालं काय, तर एकदा ‘सर्वांत नीट ठेवलेलं सामान’ याबद्दल एक पितळी पदक. ते टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलंय. पाहुणा आला की लटारू त्याची मान त्या दिशेला वळेल अशा जागी त्याला बसवतो, आणि पाहुण्यानं ‘हे कशाचं?’ म्हणून विचारलं की चहाला किती साखर ते विचारतो.

शेजारचा देवाजी त्याचा लहानपणापासूनचा सोबती. तो दर हिवाळ्यात न चुकता कुंपणावरून हाक मारायचा, “हवालदार, औंदा तरी भेटते का बक्षीस? का पुन्हा सामानच पुसून राह्यला?”

लटारू त्या दिवशी जाळं जरा जोरानं आपटायचा.

मग गेल्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेच्या आधी घंटा बुडाली. गोंडपिपरीकडच्या एका गावानं देवाला मोठी पितळी घंटा बोलली होती. पुलावरून टेम्पोत घालून आणली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नवस होता नदी ओलांडून नावेनं आणण्याचा. भर डोहात आल्यावर कोणीतरी मोबाईल काढला, घंटेसोबत फोटो काढायला सगळे भक्त एका अंगाला झाले, आणि डोंगा कलला. भक्त पोहत काठाला लागले. घंटेला पोहता येत नव्हतं.

लोक लटारूच्या दारी आले. गेली कित्येक वर्षं तो ज्या हाकेची वाट बघत होता ती ही. त्यानं ट्रंकेतून काचेचा चष्मा आणि पायात घालायचे रबरी पंख काढले. हवेची टाकी काही नव्हती, ती क्लबाची. इथं छातीत मावेल तेवढ्याच हवेवर जायचं होतं.

आता ढिवरांची एक रीत आहे. डोहात बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, आणि त्याचं वरचं टोक धरतो तो साळा, म्हणजे बायकोचा भाऊ. दुसरा कोणी नाही. सख्खा भाऊ वाटणीचा विचार करू शकतो, मित्राचं लक्ष गप्पांत जाऊ शकतं, साळ्याला मात्र दोराच्या टोकाशी बहिणीचं कुंकू दिसत असतं. लटारूचा साळा डोमा त्या वेळी तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. काठावर कुजबुज सुरू झाली, की आता दोर कोणी धरावा.

रुखमाबाई, म्हणजे लटारूची बायको, पदर खोचून सरळ डोंग्यात जाऊन बसली.

“डोमानं धरला असता तं माह्याच कुंकवासाठी ना?” ती म्हणाली. “मंग मीच काऊन नाई धरू?”

लटारूनं तिला क्लबाचे इशारे समजावून दिले. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सैल सोड, एकसारखे झटके म्हणजे वर ओढ. तिनं ऐकून घेतलं आणि तंबाखूची गोळी गालात सरकवली.

दोन बुड्या वाया गेल्या. खाली गाळानं हात दिसत नव्हता. तिसऱ्या वेळी बोटाला पितळ लागलं. लटारूनं सोबत नेलेला दुसरा दोर घंटेच्या कडीत घातला आणि गाठ मारायला घेतली. गाठ बसली, पण मनासारखी बसेना. डोक्यात घण पडू लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. आता वर जायला हवं हे त्याला कळत होतं. पण घंटा हाताखाली होती आणि वर अख्खं गाव उभं होतं. त्यानं कमरेच्या दोराला एक झटका दिला. ठीक आहे.

लगेच दोर ताणला गेला आणि लटारू जाळ्यातल्या माशासारखा वर खेचला गेला. डोंग्यात घेतला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि डोंगा वल्हवणाऱ्या देवाजीनं स्वतःचं नाव सांगितलं तरी त्याला ते पटत नव्हतं. पाणी ओकून झाल्यावर तो पहिलं काय बोलला, तर बायकोवर ओरडला.

“ठीक होतो ना मी! काऊन ओढलं?”

रुखमाबाई दोर पिळत बसली. गाठ पक्की निघाली, घंटा वर आली, जत्रेत वाजली, आणि लटारूचा जयजयकार झाला.

त्यानंतर ही गोष्ट लटारूनं जिल्हाभर सांगितली. पार धानोऱ्याला लग्नाला गेला तिथंही सांगितली. दर वेळी शेवट एकच, “गाठ मारली अन् आलो वर.” ज्यांनी पाहिलं होतं ते मूग गिळून बसायचे. रुखमाबाई ऐकायची आणि भाकरी थापायची.

क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे पुण्याचे एक रिटायर सुभेदार. लटारूनं त्यांना फोनवर सगळी बुडी सांगितली. जोडीदार कोण होता, असं त्यांनी विचारलं.

“आर. पचारे, साब,” लटारू खाड्कन बोलला. सुभेदारांना वाटलं कोणी माजी फौजी असणार. त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि लटारूनं सांगितलं नाही.

पावसाळा संपता संपता सुभेदारांचा फोन आला. उत्तम जोडीचं बक्षीस लटारूला आणि आर. पचारेला. हिवाळ्यात दोघांनीही हजर राहायचं, बक्षीस दोघांच्या हातात एकदमच देतात. लटारूला आधी नाचावंसं वाटलं आणि मग खाटेवर बसावंसं वाटलं. तो बसला.

देवाजीला बातमी कळायला वेळ लागला नाही. “आता गा हवालदार? वयनीले मिशा लावून नेतो का पुन्याले?”

मग त्यानंच तोडगा काढला. डोमाला न्यायचं आणि तोच आर. पचारे म्हणून सांगायचं. डोमाला पुणं बघायचं होतंच, तो तयार झाला. लटारू आणि देवाजी अंगणात बसून हा बेत पक्का करत असताना रुखमाबाई मासे साफ करत होती.

“न्या ना डोमाले,” ती मान वर न करता म्हणाली. “पर त्या दिवशी तं थो मिरची तोडून राह्यला होता. सायबानं इचारलं तं काय सांगान? तेलंगणातल्या वावरातून दोर धरला म्हनून?”

देवाजी पोट धरून हसला आणि घरी गेला. लटारूला तिकिटं दोघांची काढावी लागली, स्वतःचं आणि रुखमाबाईचं.

पुण्याला जाताना गाडीत त्यानं तिला पढवलं. सायबांसमोर जास्त बोलू नको. विचारलंच तर सांग, गाठ मारली अन् आले वर. रुखमाबाई प्रत्येक वेळी नुसतं “हो” म्हणायची. ती भांडली असती तर लटारूला बरं वाटलं असतं. लग्न झाल्यापासून ती इतकी मुकाट्यानं कधी ‘हो’ म्हणाली नव्हती.

भीती खरीच होती. त्या क्लबात चुकांना माफी होती. कोणी खोल गेला, उशिरा आला, सामान हरवलं, तर साहेब रागावून सोडून द्यायचे. पण आपण ठीक नसताना ठीक असल्याचा इशारा देणं, हे सगळ्यात मोठं पाप. त्यात जोडीदाराचाही जीव जातो. तो इशारा खोटा होता, एवढंच तिनं बोलून टाकलं, तर आयुष्यभर डोळा ठेवलेलं बक्षीस गेलंच, वर इज्जतही गेली.

हॉल झगझगीत होता. बँड होता, साहेब होते, साहेबांच्या बायका होत्या. लटारूनं मेळाव्यासाठी मुद्दाम घेतलेले नवे बूट करकरत होते. नावं पुकारली तशी लटारूच्या मागून हिरवं लुगडं नेसलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली रुखमाबाई मंचावर चढली. सुभेदार अजून हॉलमध्ये आर. पचारेला शोधत होते.

“हेच,” लटारू पुटपुटला.

सुभेदारांचा चेहरा पडला. बक्षीस द्यायला उभे असलेले कर्नल साहेब मात्र हसले. पांढऱ्या मिशांचे, निवांत गृहस्थ. त्यांनी रुखमाबाईला नमस्कार केला आणि माईक पुढं केला. “बाई, तुम्हीच सांगा, काय झालं त्या दिवशी?”

रुखमाबाईनं एकदा माईककडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं.

“मी तं वरच होती, साहेब. खालचं यायलेच ठाव.” आणि तिनं माईक त्याच्याकडं सरकवला.

तिनं त्याला वाचवलं होतं, पुन्हा एकदा. आता फक्त नेहमीचंच सांगायचं होतं. लटारूनं सुरुवात केली. फोटो सांगितला, डोंगा सांगितला, लोक हसले. गाळ सांगितला, कडी सांगितली. “मग गाठ मारली,” तो म्हणाला, “अन्...”

अन् पुढचं वाक्य तोंडातून निघेना. जिल्हाभर घडाघडा म्हणून दाखवलेलं वाक्य, पण ती शेजारी पिशवी धरून उभी असताना ते म्हणायची त्याला लाज वाटली. सरळ लाजच वाटली.

“अन् मी वर आलो नाई, साहेब,” तो म्हणाला. “मले वर आनलं. डोळ्यापुढं अंधारी आली होती. घंटा सोडवत नव्हती. मी इशारा देल्ला, ठीक आहे म्हनून. खोटा होता.”

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. कर्नल साहेब आता हसत नव्हते. ते रुखमाबाईकडं वळले.

“बाई, इशारा ठीक असल्याचा होता. मग तुम्ही ओढलं का?”

“आता काय सांगू साहेब,” रुखमाबाई म्हणाली, माईकची गरज पडू नये अशा आवाजात. “लगन झालं तवापासून पाहून राह्यली. कधीबी इचारा, हे म्हंतेत ठीक आहे. तापानं फनफनले, ठीक आहे. यायची माय गेली, तिले जाळून आले, इचारलं, तं ठीक आहे. त्या दिवशी दोर हालला. मी मनात म्हनलं, आता ठीक आहे म्हनून राह्यले, म्हंजे मानूस जाऊन राह्यला. मंग ओढलं.”

आधी साहेबांच्या बायकांची रांग हसली, मग सगळा हॉल. त्यातल्या काही बायका हसता हसता नवऱ्यांकडं बघत होत्या, आणि ते नवरे बँडकडं बघत होते. लटारू मान खाली घालून उभा होता. आई गेली तेव्हा आपण तसं म्हणालो होतो, हे त्याला आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं.

कर्नल साहेबांनी सुभेदारांशी काहीतरी बोलून घेतलं. खोटा इशारा देणाऱ्याला क्लब बक्षीस देऊ शकत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पण असा जोडीदार आपण इतक्या वर्षांत पाहिला नाही, तेव्हा जोडीदाराचं बक्षीस जोडीदाराला. टाळ्यांत रुखमाबाईच्या हाती मोठा चांदीच्या रंगाचा कप आला. तिनं तो आतून पाहिला आणि पिशवीत घातला. लटारूच्या हाती काहीच आलं नाही. त्यानं मात्र टाळ्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत दुपारी दोघं समोरासमोर बसली होती. कप पिशवीतून डोकावत होता. येणारेजाणारे विचारायचे, आणि लटारू सांगायचा, “हा यायचा कप,” आणि बायकोकडं बोट करायचा. वर्ध्याच्या अलीकडं गर्दी ओसरली. तो खिडकीबाहेर कपाशीकडं बघत बसला होता.

“ठीक हाये ना?” रुखमाबाईनं विचारलं.

लटारूचं तोंड सवयीनं उघडलं. मग मिटलं.

“नाई,” तो म्हणाला. “पाय लय दुखून राह्यले. बूट लागले. कालपासून.”

रुखमाबाईनं मांडीवरची पिशवी, कपासकट, खाली ठेवली आणि त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला.