तिसऱ्या कोठडीतली खूण

जेलात मेलेल्या माणसाला हुतात्मा म्हणायचं की चोर, हे कोण ठरवतं? तुम्ही? मग आधी नागुबाईचं ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात नागुबाई आणि तिचा नवरा केरबा लातूरकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडत होते. फोडलेली खडी कुणी पळवू नये म्हणून जो तो आपल्या ढिगावर चुन्यानं खूण करायचा. केरबाची खूण ठरलेली होती. एक गोल, आत तीन उभ्या रेघा. तो, बायको आणि लेक. लेक तहानेनं निपचित पडली, तेव्हा पाटलाच्या विहिरीकडं चाललेल्या टँकरची तोटी उघडून केरबानं एक घागर भरली. चोरीचा गुन्हा लागला. तालुक्याच्या जेलात अकराव्या दिवशी तो हागवणीनं गेला. लेक त्याच्या आधीच गेली होती. त्याला कुणी कळवलंसुद्धा नाही.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढाऱ्यांना एकदम इतिहास आठवला. तोच जेल रंगवून संग्रहालय केलं. झाडलोटीला नागुबाई लागली. तिसऱ्या कोठडीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, भिंतीत खरडलेला गोल तिला दिसला. आत तीन रेघा. वर काच, खाली पाटी: ‘निजामाच्या काळातल्या अनामिक सत्याग्रहीची खूण.’

दोन दिवस तिनं ती काच पुसली. मग व्यवस्थापक अण्णारावांपुढं उभी राहिली.

“साहेब, ही आमच्या ह्यांची खूण हाय. पाटीवर नाव घाला, केरबा म्हणून.”

अण्णाराव आधी पोट धरून हसले. रझाकारांना दगड मारले होते का तुझ्या नवऱ्यानं, म्हणाले. मग जेलचं जुनं रजिस्टर उघडलं आणि हसू गेलं. नाव होतं. पुढं लिहिलं होतं, पाणीचोर.

“परवा मंत्री येणार. चोराच्या खुणेला हार घालायला लावू का त्यांना?”

“मग पाणीचोर लिवा. पण नाव लिवा.”

अण्णारावांनी काच काढायला लावली. रंगारी तिथंच बिडी ओढत बसला होता, तरी चुन्याची बादली आणि कुंचा नागुबाईच्याच हातात दिला. मारायचं नसेल तर उद्यापासून येऊ नको म्हणाले. तिनं तीन हात मारले. आपण तोंड उघडलं नसतं तर खूण काचेत राहिली असती, हे तिला दुसरा हात मारताना कळलं.

ती अजून ती कोठडी झाडते. तिथं आता कुण्या देशमुखाचा अडकित्ता मांडलाय.

तुम्ही गेलात तर अडकित्त्यापाशी थांबू नका. खाली बसा, भिंतीवरून हात फिरवा आणि नखानं तेवढा चुना खरवडा.