अण्णांच्या नावाची बाग

दुपारी दोनला अण्णांच्या बागेपाशी थांबलो. फाटकाला कुलूप होतं. बाहेर फुटपाथवर, भिंतीच्या टीचभर सावलीत, भाजीची रिकामी पाटी उशाला घेऊन एक बाई आडवी झाली होती. तिच्या डोक्यावर संगमरवरात 'स्मृती उद्यान' असं कोरलं होतं. खाली अण्णांचं नाव, त्याखाली नगरसेवकाचं, ते जास्त ठळक.

अण्णा आमच्या कॉलनीतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. शहरातल्या बागा दुपारी उघड्या राहाव्यात म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पालिकेचे उंबरे झिजवले. "सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घरी पंखा असतो रे," म्हणायचे. "बाग खरी लागते ती दुपारी, ज्याला पाठ टेकायला जागा नाही त्याला." ते गेले आणि आम्ही त्यांच्या नावाने बाग केली. हिरवळ अशी, की पाय ठेवायला जीव धजू नये. बाकांना मधोमध लोखंडी दांडे, कुणी आडवं होऊ नये म्हणून. माणूस हयात असला की त्याचं ऐकावं लागतं. गेल्यावर नुसता हार घातला तरी भागतं.

बाईला जाग आली. मला पाहून ती लगबगीने उठली आणि पाटी उचलत म्हणाली, "जाते हं दादा." मला ती बागेचा माणूस समजली.

चुकली नाही ती. दुपारी कुलूप लावायचा ठराव झाला, तेव्हा बागेच्या समितीच्या बैठकीत मीही हात वर केला होता. समोर भिंतीवर अण्णांचा फोटो होता. त्याला हार मीच घातला होता.