शोनाच्या वर्गातली मारामारी

माझं डोकं भडकायला वेळ लागत नाही, हे ग्लासगोच्या त्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मी गणित शिकवायचे. दर बुधवारी शाळा सुटली की माझ्याच वर्गात झिम्बाब्वेच्या एक बाई शोना, म्हणजे त्यांच्याकडची भाषा, शिकवत. तिकडे त्या हेडमास्तरीण होत्या, इथे म्हाताऱ्यांच्या केअर होममधली शिफ्ट संपवून यायच्या. सहा मुलं, घरची भाषा विसरत चाललेली.

त्या बुधवारी किंकाळी ऐकून मी स्टाफरूममधून धावले. बाई फळ्याखाली पडलेल्या, भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलेलं. शेजारी वरच्या वर्गातला एक दांडगा मुलगा तोंड धरून बसलेला, त्याचा दात जमिनीवर. आणि शोना शिकणारी पंधरा वर्षांची मुलगी खुर्ची उगारून त्याच्यासमोर. बाकीची पोरं पळाली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खुर्ची हिसकावली, तिला दंडाला धरून भिंतीवर आपटलं. "लुक ॲट मी! दोघांना तूच मारलंस ना?" तिनं मान खाली घातली. मी तिला गदागदा हलवलं, तिचं डोकं भिंतीवर आदळलं, तरी ती माझ्या बुटांकडेच बघत राहिली. निर्लज्ज कार्टी, म्हटलं मी, मराठीतच. रिपोर्टमध्ये लिहिलं: नजरेला नजर देत नाही, पश्चात्ताप नाही. तिला शाळेतून काढायचं की नाही, ते पुढच्या शुक्रवारी मीटिंगमध्ये ठरणार होतं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी बाई हॉस्पिटलमधून आल्या, भुवईवर टाके. "मॅडम, त्या मुलानं वर्गात घुसून माझं डोकं फळ्यावर आपटलं. तिनं मला वाचवलं हो! मोठी माणसं रागावली की डोळे वर करायचे नाहीत, हे मीच शिकवलंय तिला. आमच्यात तो मान असतो. माझं इथे कोण ऐकणार, तुम्हीच सांगा त्यांना."

आमच्यात? अगं बाई, आमच्या नागपूरच्या घरात तरी काय वेगळं होतं? वडील रागावले की मी फरशीकडे बघायचे. वर बघितलं की मुस्काटात बसायची.

तशीच हेडमास्तरांकडे गेले, रिपोर्ट चुकलाय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्ट तुमचाच आहे. चुकला असेल तर घडलं ते सगळं लेखी द्या, मी मीटिंग थांबवतो."

सगळं म्हणजे मी तिला आपटलं, तेही. नोकरी जाणार, व्हिसा जाणार.

"उद्या देते," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी शाळेत फोन करून सांगितलं, ताप आहे, येत नाही. दुपारी त्या मुलीला शाळेतून काढून टाकलं.