वाढत्या अंगाचे बाण

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आली नाही. फ्रॉक आला तर खालच्या शिवणीत चार बोटं कापड दुमडलेलं, बूट आले तर टोकाला कापूस कोंबलेला. वाढत्या अंगाचं घ्यावं, हे बाबांचं सगळ्या खरेदीमागचं तत्त्व. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघी बहिणी कायम येत्या वर्षाचे कपडे घालून हिंडायचो आणि ते वर्ष उजाडेपर्यंत कपडा विटून गेलेला असायचा. आम्हाला त्याचं हसू यायचं.

ताईचे बाणही याच तत्त्वावर आले.

शाळेच्या मैदानावर एक सर मुलांना तिरंदाजी शिकवायचे. सगळी मुलं बांबूच्या बाणांवर शिकत. ताईचा नेम बघून सरांनी बाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलीला स्वतःचं धनुष्य आणि अॅल्युमिनियमचे बाण घेऊन द्या. बाजार नुकता खुला झाला होता, जो तो ‘इम्पोर्टेड’ या शब्दानं भारावलेला. बाबांच्या ऑफिसातले एक साहेब परदेशी निघाले होते, त्यांना गळ घालून बाबांनी बाण मागवले. हिरवट सोनेरी रंगाचे, हाताला गार लागणारे. भात्यात ठेवले की एकमेकांवर आपटून किणकिणायचे. ताई मैदानावरून परत यायची तेव्हा जिन्यात आधी तो आवाज यायचा आणि आई तवा चढवायची.

असा बाण विकत मिळतो तो लांबच असतो. ज्याचा त्यानं आपल्या हाताच्या मापानं कापून घ्यायचा. धनुष्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी असते, बाण तिच्याखालून मागे ओढायचा. ओढ पुरी झाली की बाणाचं टोक पट्टीखालून निसटतं आणि पट्टी धनुष्यावर आपटते, टक्. म्हणजे आता सोड. ताईचे बाण इतके लांब होते, की तिनं जीव खाऊन ओढलं तरी टोक पट्टीच्या पुढेच राहायचं.

सर बाबांना म्हणाले, “साहब, कटवा लीजिए. बच्ची की पत्ती ही नहीं गिरती.”

“बिल्कुल, सर, देखते हैं,” असं म्हणून बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, “एकदा कापला की कापला. उद्या हात वाढला तर काय जोड लावायचाय? वाढेल ती.”

मग ताईनं तिचा मार्ग काढला. धनुष्य पुरतं ओढून झालं की ती जिभेनंच टाळूवर वाजवायची, टक्, आणि बाण सोडायची. मैदानावरची मुलं फिदीफिदी हसायची. ताई त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही.

बाबा कंजूष होते असं मात्र कुणी म्हणू नये. हे बाण वाकायचे. निशाणाला बांधलेल्या चाऱ्याच्या पेंढ्या सोडून भिंतीला लागला की बाणाला बाक आलाच. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, की चहाच्या आधी तो ओट्यावर ठेवून हळूहळू लाटायचे, कुठे थडथडतो ते कान लावून ऐकायचे आणि नेमक्या त्या जागी दोन्ही अंगठ्यांनी दाबायचे. इतक्या मायेनं त्यांनी आमची कुणाची वेणी घातली नसेल. हल्ली गुरुग्रामला आमच्या सोसायटीजवळच्या क्लबात मुलं कार्बनचे काळे, काडीसारखे बाण मारतात. ते वाकत नाहीत, तुटतात. आवाज नाही, रंग नाही आणि सरळ करायला घरी बाप लागत नाही. मी तिथून जाताना मान दुसरीकडे वळवते.

दिल्लीच्या संघाची निवड झाली त्यात ताई थोडक्यात राहिली. घरी येऊन तिनं भाता पलंगावर टाकला. बाबांसमोर आवाज चढवलेला मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“मी आत्ता आहे ना, बाबा! आत्ता केवढी आहे ते बघा ना!”

 बाबा भाता उचलून खुंटीला लावत म्हणाले, “बरं. दिवाळी होऊ दे. पुढच्या निवडीच्या आधी कापून आणू.”

मधे घर बदललं. दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेतल्या सोसायटीत बाबांनी कधीचा नोंदवलेला फ्लॅट एकदाचा ताब्यात आला. तेही वाढत्या अंगाचंच गाव. रुंद रस्ते, त्यांवर कोणी नाही, सेक्टरांना आकडे आणि आत नुसतं रान. पाणी टँकरनं यायचं. बाबांनी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पेंढ्या बांधून दिल्या आणि ताई तिथे एकटीच सराव करायची. ती बाण मारायची, मी गवतात पाय घासत चुकलेले बाण शोधायचे. ऊन कलतं झालं की ते आपसूक चमकायचे. मला वाटतं, तेवढेच दिवस आम्ही सगळे एकदम सुखात होतो.

पावसाळा संपता संपता ताईला ताप आला. डेंगी होता. आधी साधाच वाटला आणि मग हाताबाहेर गेला. हॉस्पिटलमध्ये ती बहुतेक झोपूनच असायची. एका दुपारी डोळे उघडून तिनं विचारलं, “बाबा, कापले?”

बाबा म्हणाले, “कापले.”

ताई हसली. ओठ पार सुकले होते तिचे. जीभ टाळूला लावून तिनं टक् करायला पाहिलं, पण आवाज फुटला नाही. दिवाळी यायच्या आत ती गेली.

बाण कापलेच नव्हते. बाबांनी ते धनुष्यासकट माळ्यावर ठेवून दिले आणि त्यानंतर घरात कुणी वाढण्याबिढण्याबद्दल बोललं नाही. माझे कपडे मापाचे येऊ लागले. दुकानात बाबा शिंप्याला सांगायचे, “बिल्कुल फिटिंग का.” मला ते कपडे अंगाला टोचायचे. कितीतरी वर्षं मी बाबांवर मनातून चिडून होते. बाण कापल्यानं ताप थोडाच उतरला असता, हे कळायचं. तरी चिडून होते.

आता आई नाही आणि बाबा माझ्याकडे गुरुग्रामला राहायला येणार म्हणून मी द्वारकेचं घर आवरायला गेले होते. माळ्यावरून धनुष्य काढलं. मला वाटलं होतं, दोरी कुजून गेली असेल. दोरी नवी होती, मेण लावलेली. बाणांवर धूळ नव्हती.

“तुम्ही माळ्यावर चढता, बाबा?”

बाबा म्हणाले, “बघ तुझ्या हाताला येतात का.”

मी बाबांवर गेलेय, ताडमाड उंच. ताईनं शिकवलं होतं तशी हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, बाण पट्टीखाली सारला आणि ओढला. दोरी हनुवटीला टेकली.

टक्.

“बसला!” बाबा खुर्चीतून अर्धे उठलेच. “बघ, म्हणत नव्हतो मी, वाढेल म्हणून? नव्हतो म्हणत?” त्यांचा चेहरा असा उजळला होता आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. ते खाली बसले. मी दोरी हळूच परत आणली आणि धनुष्य खाली ठेवायला वाकले.

“नको ठेवूस,” बाबा म्हणाले. “परत वाजव.”

मी ओढलं. टक्.

“परत.”

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दंड भरून आले, बोटांना वळ पडले, तरी ते म्हणत राहिले आणि मी ओढत राहिले.