सवाष्णीची फुलं

परतूरच्या बाजारात एखादा फारच घाबरट निघाला, तर जुनी माणसं अजून त्याला 'सगुणामाळीण' म्हणतात. मला त्याचा राग येतो. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तिला पाहिलेलंही नाही. ती भित्री होती हे मी नाकारत नाही, पण ती भित्री नसती तर माझ्या आईचं लग्न झालं नसतं, आणि मग हे सांगायला मी तरी कुठून येणार होते?

सगुणाबाई म्हणजे कचरू माळ्याची बायको. गावाबाहेर, नाक्याच्या पलीकडे त्यांचा फुलांचा मळा होता. रोज सकाळी टोपली घेऊन ती गावात यायची आणि देवाची फुलं, बायांचे गजरे घरोघर देत फिरायची. कुत्रं दिसलं की गल्ली बदलायची. विहिरीत वाकून बघायची नाही. तिचं माहेर धावड्याचं. लग्न होऊन परतूरला आली तेव्हा तिनं पहिल्यांदा आगगाडी पाहिली आणि भर फलाटावर कचरूच्या मागे लपून त्याचा सदरा फाडला. ही गोष्ट कचरू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या पोटात काही राहायचंच नाही. ती बिचारी पदर तोंडाला लावून आत पळायची. बाया हळदीकुंकवाला नाव घ्यायला बसल्या की ही दाराआड. नवऱ्याचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा नाही.

माझी आई राजकुमारी. आम्ही मारवाडाकडून आलेले, पण परतूरच्या कापसात आमच्या पिढ्या गेल्या. आईचं लग्न ठरलं अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात. रझाकारांचे दिवस होते. नाक्यावर बंदूकवाले बसलेले असत. लग्नघर म्हणजे सोनं, आणि लग्नघराचा पत्ता लागायला वाजंत्री लागत नव्हती, फुलांची एक टोपली पुरत होती. थोड्याच दिवसांपूर्वी जवळच्या एका गावात हारांच्या टोपलीमागोमाग बंदुका मांडवात शिरल्या होत्या. नवरीच्या कानातलं ओढून काढलं, असं लोक सांगत. गावातली पुष्कळ घरं कुलूप लावून निजामाच्या हद्दीपार वऱ्हाडात गेली होती. माझे नानाजी, बद्रीनारायण सेठ, म्हणाले की मुलीचं लग्न लावू आणि मगच जाऊ.

नानीनं, लाडबाईनं, हे लग्न आई पाळण्यात असल्यापासून मनात मांडून ठेवलं होतं. तिनं सगुणाबाईला बोलावलं आणि हवं ते सांगायला सुरुवात केली. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचं आणि झेंडूचं तोरण, मांडवाला मोगऱ्याच्या माळा, नवरदेवाला गुलाबाचा हार, नवरीला वेणी, प्रत्येक बाईला गजरा. आणि निघताना प्रत्येक पाहुण्याला बत्ताशांनी भरलेली पितळी वाटी.

सगुणाबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होती. 

"तोरण न्हाई, बाई," ती म्हणाली. "दार कोरडं ठेवा. मांडवाच्या माळा बी न्हाई. अन् वाट्या तर बिलकुल नगं. पितळ वाजतं. ज्याच्या घरी वाटी जाईल त्ये घर बोलंल."

नानीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग काय राहिलं? हे लग्न आहे का मयत?"

सगुणाबाई जवळ सरकली. कुणी ऐकेल की काय अशा आवाजात तिनं सांगितलं, "बाई, सवाष्ण गेली तर तिला बी वेणी असती. हिरवं लुगडं, गजरे, भरून हार. नवरीला जे लागतं त्येच तिला. नाक्यावर कुणी इचारलं तर सवाष्ण गेली म्हनंल मी."

नानीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. लग्नाच्या फुलांवर मरणाचं नाव! तिनं तीन देवांची नावं एका दमात घेतली. आतल्या खोलीतून नानाजी मात्र म्हणाले, "येच बराबर हाय." 

पाहुण्यांना काय द्यायचं तेही सगुणाबाईनंच सुचवलं. मळ्यात गेल्या पावसाळ्यात लावलेली मोगऱ्याची रोपं होती. ती शेणखताच्या गाडीत दडवून आणायची, कारण खताची गाडी कुणी उपसून बघत नाही. पाहुणा निघाला की मातीच्या मुठीसकट एकेक रोप पळसाच्या पानात बांधून हातात द्यायचं.

"लग्नाहून माणसं झाडं घेऊन जातील?" नानीनं विचारलं.

"जातील. भेलेला माणूस काय बी मुकाट घेऊन जातो, बाई. मी न्हाई का?"

नानी रडता रडता हसली. नंतर तिनं शेवटची शंका काढली. नाक्यावर मेलेलीचं नाव विचारलं तर? "न्हाई इचारणार," सगुणाबाई म्हणाली. तिला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.  कचरूला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सेठजींना परसात बाग करायची आहे आणि देवळात मोठी पूजा आहे, एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं आनंदानं खताची गाडी हाकत नाक्यावरून आणली. बंदूकवाल्यांनी नाकं दाबली आणि जल्दी जा म्हणून सांगितलं.

आमच्यात फेरे रात्रीचे. पण त्या वर्षी रात्रीचे दिवे लांबून दिसले असते, म्हणून भर दुपार धरली. वैशाखात त्या वेळी गावात चिटपाखरू नसतं. नवरदेवाकडची माणसं जालन्याहून दोन-दोन करून गाडीनं आली. माझे वडील कापसाचा नमुना बघायला आलेल्या मुनिमाच्या वेषात आले. काखेत गाठोडं, त्यात लग्नाचा फेटा.

सगुणाबाई पांढरं फडकं झाकलेली टोपली घेऊन नाक्यावर आली. नेहमीचा माणूस तिला ओळखायचा, पण त्या दिवशी तिथं नवाच कुणी बसला होता. 

"ठैरो." त्यानं बंदुकीच्या टोकानं फडकं उचललं. "इत्ते फुलां? किसकी शादी है?"

"शादी न्हाई, साहेब. मयत हाय. सवाष्ण गेली."

"कौन गई? नाम बोलो."

ती नंतर आईला सांगायची की त्या क्षणी परतूरमधली एकूण एक सवाष्ण तिच्या डोळ्यांपुढून गेली. जिला जिला तिनं गजरा दिला होता ती ती. पण जितीजागती बाई, लेकुरवाळी, तिला मेली कसं म्हणायचं? शब्द लागला तर? खोटं नाव सांगावं आणि गावचं कुणी येऊन ते खोटं पाडलं तर? जिच्या मरणावर तिचा हक्क होता अशी एकच सवाष्ण तिला सापडली.

"कचरू माळ्याची बायकू," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव उच्चारलं. "सगुणा म्हनायचे तिला."

नाक्यावर नेमकं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. बंदूकवाला फुलांकडे बघत राहिला. "इत्ते फुलां हैं. अच्छी औरत होंगी."

 तिला खोटं एवढंच येत होतं, ते संपलं होतं. तिनं खरं सांगितलं.

"भित्री होती, साहेब."

त्यानं टोपलीला हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवून दिली.

आमच्या घरात शिरल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली.  नानीनं विचारलं, कुणाचं नाव घेतलंस? "कुणाचं बी न्हाई," म्हणाली आणि आईच्या केसांत वेणी माळू लागली. फेरे सुरू झाले. भटजी मंत्र ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

नाक्यावर मात्र बातमीला पाय फुटले होते. शेताकडे निघालेल्या कुणीतरी मळ्याजवळून जाताना कचरूला हटकलं. अरे, तू मोट काय हाकतोस, तुझी बायको गेली म्हणे. मघाशी धडधाकट टोपली घेऊन गेलेली बायको. गेली म्हणजे कशी गेली? त्या दिवसांत कुणी असं विचारत नव्हतं. बैल जुंपलेले, मोट विहिरीत लोंबती, तशीच टाकून तो अनवाणी धावला. नाक्यावर त्याचा आक्रोश ऐकून त्या नव्या बंदूकवाल्याला कळलं की हाच तो नवरा. त्याला दया आली. तो बंदूक खांद्याला अडकवून कचरूच्या सोबतीला निघाला. दयेची एवढी भीती वाटावी असे ते दिवस होते.

गल्ली सुनसान होती. आवाज घराघरांत घुसत होता. "सगुणे, ए सगुणे." इतक्या वर्षांत त्यानं तिला 'अगं' आणि 'ऐकलं का' यापलीकडे हाक मारली नव्हती.

आत दुसऱ्या फेऱ्याला सगळे जागच्या जागी थिजले. नानीनं सगुणाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. ती कडी काढायला धावली. सगुणाबाईनं आधीच दाराच्या फटीतून पाहिलं होतं. तिनं नानीचा पदर धरून मागं ओढलं.

"उघडू नका. बंदूक संगं हाय. फेरे होऊ द्या."

कचरूनं दार ठोठावलं. "सेठजी, माझी सगुणा तुमच्याकडंच येत व्हती. कुठं नेलं तिला?"

नानाजींना बाहेर जावंच लागलं. दार मागं ओढून घेऊन ते ओसरीवर आले. कपाळाचं कुंकू त्यांनी पुसलं होतं, पण अक्षतेचा एक दाणा तसाच चिकटून राहिला होता. "आत हाय ती," ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. "बैठ, कचरू. जल्दी मत कर."  कचरूनं पायरीवर कपाळ आपटलं.

बंदूकवाल्यानं पाणी मागितलं. नानाजींनी रांजणातला तांब्या भरून दिला. तो पाणी पीत असताना नानाजींच्या कपाळाकडे बघत होता. तांब्या परत दिला, थोडा वेळ उभा राहिला, कचरूच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेला. त्याला अक्षत दिसली होती, असं नानी शेवटपर्यंत म्हणत राहिली. नानाजी म्हणत, दिसली असती तर आपण वाचलो नसतो. यावरून दोघांचं कायम भांडण व्हायचं.

तो गेला हे आत कुणाला कळणार? नानाजींनाही तो गल्लीच्या कोपऱ्यावर थांबला असेल असं वाटत होतं. दार उघडायची कुणाची छाती नव्हती. आई म्हणते, माझ्या लग्नातलं मला दुसरं काही आठवत नाही. सगुणामावशी जमिनीवर बसली होती, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, आणि दाराच्या एका फळीपलीकडे तिचा नवरा तिच्यासाठी रडत होता. ती प्रत्येक हाकेला मान हलवत होती. भीतीनं नव्हे, ओ देत होती.

फेरे झाले. नानाजींचे दोस्त, अत्तरवाले चाचा, आपला पडदा लावलेला टांगा घेऊन मागल्या दारी उभेच होते; पडद्यातल्या बायकांचा टांगा कुणी अडवत नसे. आईला त्यात बसवलं. टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला तेव्हा कुठे पुढचं दार उघडलं.

कचरूनं मान वर केली. दारात सगुणाबाई उभी, पदराला मोगऱ्याच्या पाकळ्या. तो जो दचकला, तो बसल्या जागीच मागे सरकत थेट गल्लीत. भुताची पावलं उलटी असतात म्हणून त्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. मग हात लांब करून तिच्या पायाचा अंगठा चाचपला.

"हायस?"

"हाय."

"लई भ्या वाटलं गं मला," तो म्हणाला आणि पुन्हा रडायला लागला. नानीनं मोगऱ्याचं पहिलं रोप पळसाच्या पानात बांधून त्याच्या मांडीवर ठेवलं. आपल्याच मळ्यातलं रोप त्यानं मुकाट घेतलं. आगगाडीची गोष्ट त्यानं त्यानंतर कुणाला सांगितली नाही.

सगुणाबाईला मात्र आपण आपलं मरण बोलावून ठेवलंय असं कायम वाटत राहिलं. वैशाख आला की ती विहिरीकडे फिरकायची नाही. खोट्या बातमीनं आयुष्य वाढतं, असं वऱ्हाडातून परतलेली नानी तिला दरवर्षी समजावायची. वाढलंही. माझं लग्न ठरलं, माझ्या वेणीला कोणती फुलं घ्यायची यावरून तिनं माझ्याशी वाद घातला, आणि त्यानंतर एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. सवाष्ण गेली.

आई आणि मी मळ्यात गेलो. आत बाया तिला न्हाऊ घालत होत्या म्हणून दार लावलं होतं. आई हिरवं लुगडं आणि मोगऱ्याची वेणी घेऊन आत गेली. कचरू बाहेर पायरीवर बसला होता, डोळे कोरडे. म्हातारा धक्क्यानं दगड झालाय, रडलं पाहिजे, असं लोक आपसांत बोलत होते. कुणीतरी त्याच्या खांद्याला धरून हलवलं.

"मागं बी अशीच गेल्ती," तो म्हणाला. "सेठजी म्हन्ले, बैठ, जल्दी मत कर. उघडंल दार."

थोड्या वेळानं दार उघडलं. आई बाहेर आली आणि काही न बोलता बाजूला झाली. कचरू उठला, आत गेला आणि वाकून त्यानं तिच्या पायाचा अंगठा चाचपला. तो बराच वेळ तसाच धरून राहिला.