खोक्याच्या झाकणावरची तीन नावं

‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ ह्या वाक्यापुढच्या चौकोनात, खरोखर सगळं वाचून मग खूण करणारा माणूस जगात एकच झाला असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला बाप म्हणून आला.

अप्पा तहसील कचेरीत रेशनकार्डांच्या टेबलावर कारकून होते. कार्डावर नाव चढवायचं आणि कार्डावरचं नाव कमी करायचं, जन्मभर हेच. मूल झालं, चढवलं. माणूस गेला, कमी केलं. मुलगी लग्न होऊन गेली की कमी केलं आणि सासरी दाखवायला तसा दाखला दिला. तोंडी सांगितलेलं त्यांना ऐकूच येत नसे. ‘अर्जी दे,’ एवढं म्हणून खाली बघायचे. मैलूरला आमच्या गल्लीत त्यांना सगळे अर्जीअप्पाच म्हणत. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, पण अर्जी सुटली नाही. मुडबीच्या शेतात तूर कुठल्या तुकड्यात पेरायची हे चुलते फोनवर घसा फोडून सांगत आणि सगळं ऐकून झाल्यावर अप्पा म्हणत, ‘लिहून पाठीव.’

मी तेव्हा कडगंचीच्या विद्यापीठात, हॉस्टेलमध्ये राहून मराठी आणि कन्नड पाळण्यांवर प्रबंध लिहीत होते. दोन्ही लिप्या एकाच पानावर टाइप करता येतील असं एक सॉफ्टवेअर मला हवं होतं. गल्लीत ते चार घरांत होतं, सगळं एकाच सीडीवरून उतरवलेलं. अप्पांनी मात्र हैदराबादहून नवंकोरं खोकं मागवलं. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, संजूनं, सीडी घातली आणि पुढे, पुढे करत बटणं दाबायला लागला. अप्पांनी त्याचा हात धरला.

‘वाचल्याबिगर व्हय म्हणायलास? उद्या घर लिहून घेतले तर?’

‘अप्पा, कोणीबी वाचत न्हाई ते.’

‘कामून वाचत न्हाई? छापलेत कशाला मंग?’

तीन दिवस तो संगणक तसाच उघडा राहिला. अप्पांनी अटींची अकरा पानं छापून घेतली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत वाचली. मी सुट्टी संपत आली म्हणून चरफडत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. एक प्रत एका घरातल्या तीन संगणकांवर घालता येते, घराबाहेर एकाही नाही. अट त्यांना फार आवडली. कारण घर म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एका चुलीवर जेवतात ते एक घर. कार्डाचाही नियम तोच.

पण मग माझ्या हॉस्टेलचा घोळ झाला. ‘तू तिथं मेसमधी जेवायलीस, म्हंजे चूल वेगळी झाली की,’ असं म्हणून ते आणखी एक दिवस विचारात पडले. मी खरोखर रडकुंडीला आले. शेवटी त्यांनाच मार्ग सापडला. ‘शिकायला भायर असलेलं लेकरू घरातच धरतेत.’ मग खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी शाईनं लिहिलं. एक, बैठकीतला, अप्पा. दोन, संजू. तीन, शैला. अक्षर कार्डावर असायचं तसं, गोल आणि सुटं.

शेजारचे एक निवृत्त मास्तर ती सीडी दोन दिवसांसाठी मागायला आले होते. अप्पांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि विचारलं, ‘तुमचं जेवण आमच्यात असतंय का?’ मास्तर गोंधळून नाही म्हणाले. ‘मंग न्हाई देता येत,’ अप्पा म्हणाले. पुढे वर्षभर मास्तर आमच्या दारावरून जाताना मान वळवायचे, आणि त्यांच्या बायकोसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हा सगळा तऱ्हेवाईकपणा मी हसून सोडून दिला असता. माझ्या हळदीच्या दिवशी जे झालं ते मात्र सोडवलं नाही. हात हळदीनं भरलेले, अंगणात बायका गाणी म्हणतायत, आणि अप्पा दारात येऊन म्हणतात, ‘शैला, लॅपटॉप कुठं ठिवलीस?’ मला वाटलं, काही सामान द्यायचं असेल त्याच्याबरोबर. त्यांनी लॅपटॉप बैठकीत नेला, सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि झाकणावरच्या माझ्या नावावर तांबड्या शाईनं रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘लग्नामुळे कमी.’ वर एका कागदावर तसा दाखलाही लिहून माझ्या बॅगेत ठेवला. ह्या नावाच्या मुलीच्या संगणकावरून सदर प्रत काढली आहे, तरी सासरच्या घरी नवीन प्रत घेण्यास हरकत नाही. खाली सही.

‘अप्पा, माझा सगळा प्रबंध त्याच्यात हाय. आता उघडायचा कसा?’

‘तुझं घर आता कलबुर्गीला. तिथं घ्या की नवीन.’

आई असती तर तिनं त्यांना खडसावलं असतं, पण ती मी दहावीत असतानाच गेली होती. त्या दिवशी मला फार लागलं. रेशनकार्डावरचं नाव त्यांनी आठ दिवस आधीच कचेरीत जाऊन कमी करून आणलं होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं, ती रीतच आहे. पण ह्या खोक्यावरूनही? बापाच्या घरात मी आता कुणी उरले की नाही, हा प्रश्न मला हळद लागलेल्या अंगानं पडला आणि नंतर कितीतरी वर्षं तो तसाच राहिला.

सासरी तो दाखला वाचून सगळे पोट धरून हसले. नवीन प्रत कुणी घेतली नाही. पाळणे कशाला टाइप करायचेत आता, असं नवरा म्हणाला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्या घरात माझ्या कुठल्याच गोष्टीला जागा नव्हती, एवढंच.

दिवाळीला मी माहेरी आले की अप्पांचा वेगळाच कारभार चाले. पाणी पिऊन होण्याआधी ते विचारत, ‘लॅपटॉप आणलीस का?’ माहेरी आलेली लेक घरच्याच चुलीवर जेवते, तेवढे दिवस ती घरातली. म्हणून फडक्यात गुंडाळलेली सीडी काढायची, सॉफ्टवेअर घालायचं, झाकणावर पेन्सिलीनं ‘तीन, शैला, आठ दिवस’ असं लिहायचं. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना ते काढून टाकायचं आणि खोडरबरानं नाव पुसायचं. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, मी ओरडतेय, आणि अप्पा पडद्यावरची रेघ शंभर टक्के होईपर्यंत हलत नाहीत. दरवर्षी आणखी एक प्रश्न ठरलेला. ‘तिकडं कार्डावर नाव चढलं का?’ आणि माझं ठरलेलं उत्तर, ‘व्हायलंय अप्पा.’

वहिनींचा वैताग माझ्याहून मोठा होता. त्या शाळेत शिकवतात, त्यांनाही लॅपटॉप मिळाला होता आणि प्रश्नपत्रिका काढायला हेच सॉफ्टवेअर हवं होतं. अप्पा म्हणाले, अर्जी दे. वहिनींनी खरंच अर्ज लिहिला. तो तीन वर्षं काचेच्या पेपरवेटखाली पडून राहिला. ‘वर्षातनं आठ दिसासाठी जागा अडवून ठेवायलाव,’ असं त्या तोंडावर म्हणायच्या. चौथ्या वर्षी अप्पा जरा नरमले, ह्या महिन्यात बघू म्हणाले.

त्याच महिन्यात मी आले. दिवाळी नव्हती, पंचमी नव्हती. एक बॅग, लॅपटॉप आणि मी. दुपारची वेळ होती. अप्पा बैठकीत पेपर वाचत होते, वहिनी भाजी निवडत होत्या. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं आणि नेहमीचंच विचारलं, ‘लॅपटॉप आणलीस का?’

माझा तोल गेला. ‘आणलेय. घाला आणि जाताना काढून घ्या!’

‘कधी जायलीस?’

‘न्हाई जायची.’

वहिनींचा हात थांबला. अप्पांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. मला भीती वाटत होती ती त्यांच्या नियमाची. लेक लग्न होऊन गेली की ती दुसऱ्या घरची, हे त्यांनी स्वतः तांबड्या शाईनं लिहिलं होतं. ते मला परत जा म्हणाले असते तर मी कुठे जाणार होते?

‘तिकडं नाव चढलं व्हतं का?’ त्यांनी हळू विचारलं.

‘न्हाई अप्पा. चार वर्षं झाली. कोणी चढवलंच न्हाई.’ आणि मी रडायला लागले.

अप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. ‘मी दाखला देऊन मोकळा झालो,’ ते म्हणाले. ‘चढलं का न्हाई, जाऊन बघायला पायजे व्हतं. चार वर्षं माझी लेक कुठल्याच घरात न्हवती. चुकलो मी.’

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. मग ते उठले, फडकं सोडून सीडी काढली आणि माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घातलं. रेघ शंभर टक्के होईपर्यंत आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. त्यांनी झाकण मांडीवर घेतलं. मी सवयीनं पेन्सिल पुढे केली.

‘पेन्सिल कामून?’ अप्पा म्हणाले. ‘पेन आण.’

तांबडी रेघ मारलेल्या जुन्या नावाखाली त्यांनी शाईनं लिहिलं, ‘तीन, शैला.’ पुढे दिवस लिहिले नाहीत. मग वहिनींचा अर्ज पेपरवेटखालून काढला, त्यावर ‘जागा रिकामी नाही’ असा शेरा मारला आणि सही करून त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. ‘आदी सांगितलं असतं तर अर्जीच मागं घेतली असती की अप्पा,’ असं म्हणत त्या चहा ठेवायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात वहिनींसाठी दुसरं खोकं आलं, एकाच संगणकापुरतं, स्वस्तातलं. रेशनकार्डावर माझं नाव परत चढवायला मात्र तीन खेपा झाल्या. अप्पा स्वतःच्याच जुन्या टेबलासमोर रांगेत उभे राहिले. टेबलावरच्या नव्या बाईंनी मान वर न करता विचारलं, ‘अर्जी तंदिद्दीरा?’ ती आणलीच होती. ती पुढे करताना अप्पांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची लाज वाटायची राहूनच गेली. त्या कामानंतर मी प्रबंध पुरा केला. आता मी त्याच टायपिंगवर भाषांतरं करून पोट भरते.

मागच्या वर्षी अप्पा गेले. कार्डावरचं नाव कमी करायचा अर्ज मीच लिहिला, मुद्देसूद, त्यांना आवडला असता तसा. बैठकीतला संगणक तर त्यांच्या आधीच बंद पडलाय, पण खोकं तिथंच त्याच्या शेजारी असतं आणि झाकणावर एक नंबरला त्यांचं नाव आहे. वहिनी मध्यंतरी म्हणाल्या, शाळेचा आणखी एक लॅपटॉप घरी आलाय, तो संगणक आता चालत नाही, ते नाव कमी केलं तर एक जागा मोकळी होईल. नियमानं त्यांचं बरोबर आहे. मी म्हटलं, अर्जी द्या. त्यांनी दिली. मी ती वाचली, पेपरवेटखाली ठेवली, चार दिवसांनी काढली आणि शाईनं शेरा मारून परत केली: जागा रिकामी नाही.